जुने औषध, नवा रोगाधिकार : कर्करोगचिकित्सेतील एक प्रवाह आणि आपले कर्तव्य

एका व्याधीवर वर्षानुवर्षे वापरात असलेले औषध दुसऱ्या व्याधीवर उपयोगी ठरेल काय, याची पद्धतशीर परीक्षा करण्याचा प्रवाह आधुनिक वैद्यकात गेल्या काही दशकांत चांगलाच बळावला आहे. कर्करोगाच्या क्षेत्रात त्यास विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे. नवे औषध शोधून रुग्णापर्यंत पोहोचविण्यास अनेक वर्षे लागतात आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर राहते. जुन्या औषधाची मात्रा, त्याचे दुष्परिणाम आणि निर्मितीची रीत ही सर्व आधीच ज्ञात असतात. या प्रवाहास प्रस्तुत लेखात ‘पुनर्योजन’ असे संबोधले आहे.

आयुर्वेदाच्या अभ्यासकास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. गुग्गुळ, शिलाजतू, भल्लातक, हरीतकी यांपैकी कोणतेही द्रव्य घेतले तरी ते अनेक रोगाधिकारांत आढळते. एकाच कल्पाची फलश्रुती वाचताना दहा-वीस व्याधींची नावे समोर येतात. त्यामुळे पुनर्योजनाची वार्ता कानी पडली की ‘हे तर आमच्याकडे पूर्वीपासूनच आहे’ असे आपल्यापैकी अनेकजण सहज म्हणून जातात. हे म्हणणे अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा भाग रुग्णास महागात पडू शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे येथे मांडीत आहे.

परळ येथील कार्य

या विषयाचे उत्तम उदाहरण शोधण्यासाठी आपणास परदेशी जावे लागत नाही. आपल्या डहाणू-तलासरी भागातील कर्करोगाचे बरेच रुग्ण ज्या रुग्णालयाची वाट धरतात, त्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातच हे कार्य झाले आहे.

लिग्नोकेन हे जागा बधिर करण्याचे औषध आपणा सर्वांस परिचित आहे. दात काढताना, जखमेस टाके घालताना ते टोचले जाते. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये शोधलेले हे औषध आज अत्यल्प किमतीत सर्वत्र मिळते. कर्कपेशीस स्थलांतर करण्यासाठी आपल्या आवरणातील सोडियमच्या मार्गांचा उपयोग होतो आणि लिग्नोकेन नेमके तेच मार्ग रोखते, या तर्कावर डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी आखली. स्तनाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत असलेल्या व शस्त्रक्रियेपूर्वी रसायनचिकित्सा न घेतलेल्या १,६०० स्त्रियांची भारतातील ११ केंद्रांत निवड झाली. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटात गाठ काढण्यापूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती ०.५ टक्का लिग्नोकेन टोचण्यात आले. दुसऱ्या गटात नेहमीची शस्त्रक्रिया तेवढी झाली. २०११ च्या अखेरीस सुरू झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्या स्त्रियांचे प्रमाण लिग्नोकेनच्या गटात ८६.६ टक्के व दुसऱ्या गटात ८२.६ टक्के होते. हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ व ८६.४ टक्के होते. म्हणजे शंभर स्त्रियांमागे सुमारे चार अधिक जणींचा जीव एका स्वस्त इंजेक्शनने राखला.

याच गटाने त्यापूर्वी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन शस्त्रक्रियेआधी देऊन १,००० स्त्रियांत चाचणी केली होती. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता निश्चित म्हणावा असा लाभ दिसला नाही. काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत मात्र लाभाची चिन्हे दिसली. संशोधकांनी ही दोन्ही विधाने त्याच क्रमाने मांडली. लाभ दिसला तेवढाच भाग सांगून बाकीचा झाकला नाही, ही गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी.

तिसरे उदाहरण आपल्या भागास अधिक जवळचे आहे. तंबाखू आणि मशेरीमुळे होणारे मुखाचे कर्करोग बरेचदा फार उशिरा उघडकीस येतात. अशा, मूळ व्याधी बरी होण्याची आशा न उरलेल्या ४२२ रुग्णांत डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आदींनी एक तुलना केली. एका गटास दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन देण्यात आले. दुसऱ्या गटास आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट आणि रोज दोन वेळा सेलेकॉक्सिब या गोळ्या घरीच घेण्यास दिल्या. सेलेकॉक्सिब म्हणजे सांधेदुखीवर वापरली जाणारी वेदनाशामक गोळी. मेथोट्रेक्झेटचा प्रवास उलट दिशेने झाला आहे. कर्करोगासाठी आलेले हे औषध पुढे अल्प मात्रेत आमवातासारख्या संधिविकारांत रुजले आणि आता पुन्हा अल्प मात्रेतच कर्करोगाकडे वळले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत गोळ्यांच्या गटाचे मध्यम आयुर्मान ७.५ महिने, तर सिस्प्लॅटिनच्या गटाचे ६.१ महिने होते. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते.

सव्वा-दीड महिन्याचा हा फरक कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु डहाणू रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर आहे. पाड्यावरून स्थानकापर्यंत येणे, तेथून लोकलने दादर गाठणे, परळला रांगेत बसणे आणि रात्री परतणे, यात रुग्णाबरोबर आणखी एका माणसाची मजुरी बुडते. उरलेले दिवस आपल्या घरात, आपल्या माणसांत काढता येणे याचे मोल केवळ महिन्यांत मोजता येत नाही.

जेथे तर्क फसला

येथवरची उदाहरणे वाचून असे वाटेल की जुने औषध आणि चांगला तर्क एवढे असले म्हणजे काम झाले. वस्तुस्थिती तशी नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध पाहा. त्याचे मूळ युरोपात लोकवापरात असलेल्या गॅलेगा या वनस्पतीपर्यंत जाते. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत कर्करोग कमी आढळतो अशी निरीक्षणे अनेक ठिकाणी नोंदली गेली. पेशींवरील प्रयोगही अनुकूल होते. मग ३,६४९ स्तनकर्करोगी रुग्णांत पाच वर्षांपर्यंत औषध देऊन तुलना झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की रोग परतण्याच्या प्रमाणात औषधाने काही फरक पडला नाही.

ॲस्पिरिनची कथा अधिक बोधप्रद आहे. स्तनाच्या कर्करोगात ॲस्पिरिनने रोगाची पुनरावृत्ती टळत नाही, असे ३,०२० रुग्णांच्या चाचणीतून २०२४ मध्ये सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, उत्तर युरोपातील एका चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांत एक विशिष्ट जनुकीय बदल आढळतो, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यास रोग परतण्याचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या आत आले. द्रव्य एकच, परंतु एका स्थानी निष्फळ आणि दुसऱ्या स्थानी, तेही निवडक रुग्णांत, फलदायी. दूष्य, देश, बल, काल आणि प्रकृती पाहून औषध योजावे अशी शिकवण असलेल्या शास्त्राच्या अनुयायांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी.

याउलट, कृमिनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिन व फेनबेंडाझोल या औषधांचा कर्करोगावरील उपाय म्हणून सध्या बराच गवगवा आहे. त्यांपैकी फेनबेंडाझोल हे तर जनावरांचे औषध आहे. काचेच्या बशीतील पेशींवर ती परिणाम दाखवितात हे खरे. पण कर्करोगी माणसांत तुलना करून लाभ सिद्ध झालेला नाही, आणि फेनबेंडाझोल स्वतःच घेतल्याने यकृतास इजा झाल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली आहेत. बशीत पेशी मारणारी द्रव्ये असंख्य आहेत. त्यांतील फारच थोडी रुग्णास उपयोगी पडतात. आपल्या दुकानात कोणी अशी औषधे मागण्यास आला तर त्यास ही गोष्ट सांगणे हे विक्रेत्याचेही काम आहे.

सदाफुली आणि सोमल

आता आपल्या परिचयाच्या द्रव्यांकडे वळू. आपल्या भागात कित्येक घरांच्या अंगणात सदाफुली असते. साखर कमी व्हावी म्हणून तिची फुले वा पाने चावून खाणारे मधुमेही आपण पाहतो. हाच लोकवापर वेस्ट इंडीजमध्येही होता. कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात जमैकाहून आलेल्या पानांची परीक्षा केली ती मधुमेहासाठीच. साखरेवर अपेक्षित परिणाम दिसला नाही. परंतु अर्क टोचलेल्या उंदरांत श्वेतकण झपाट्याने घटले. त्या अनपेक्षित निरीक्षणातून व्हिनब्लास्टीन हाती आले, आणि पुढे त्याच वनस्पतीतून व्हिनक्रिस्टीन. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही एक आधारस्तंभ आहे.

या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात. परंपरागत वापराने संशोधकास वनस्पतीपर्यंत नेले, पण ती कोणत्या रोगावर चालेल याबाबतचा परंपरेचा संकेत तेथे टिकला नाही. दुसरे असे की, पानांत ही द्रव्ये अत्यंत अल्प असतात आणि शिरेतून, मोजून, रक्तकणांची गणना करीतच ती द्यावी लागतात. सबब कर्करोगी रुग्णास सदाफुलीचा काढा देणे म्हणजे व्हिनक्रिस्टीन देणे नव्हे. त्यात औषधाचा भरवसा नाही आणि विषाचा धोका मात्र आहे.

सोमलाची कथा रसशास्त्राच्या अभ्यासकांसाठी अधिक महत्त्वाची आहे. गौरीपाषाण, हरताळ, मनःशिला ही द्रव्ये आपल्याकडे शोधन-मारणाच्या संस्कारांनंतर योजली जातात. युरोपातही १७८६ पासून फाउलरचा सोमलयुक्त द्राव प्रसिद्ध होता. एकोणिसाव्या शतकात तो रक्ताच्या कर्करोगात वापरला गेला आणि पुढे मागे पडला. १९७० च्या दशकात चीनमधील हार्बिन येथे झांग टिंगडोंग व सहकाऱ्यांनी एका लोकप्रचलित योगाची परीक्षा केली. त्या योगात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचे विष अशी तीन द्रव्ये होती. त्यांनी ती वेगळी करून पाहिली. कार्य सोमलाचे आहे व उरलेली दोन द्रव्ये अनावश्यक आहेत, असे त्यांच्या ध्यानी आले. पुढील अभ्यासात दिसले की हे औषध रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारात, म्हणजे तीव्र प्रोमायलोसायटिक प्रकारात, अप्रतिम कार्य करते. कारण त्या प्रकारात निर्माण होणारे सदोष प्रथिन ते नष्ट करते. २००० मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात केवळ याच औषधावर उपचार केलेल्या ७२ रुग्णांचा वृत्तान्त २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ८६ टक्के रुग्णांत रोगाची लक्षणे व चिन्हे पूर्णतः मावळली. जो रोग काही दिवसांत रक्तस्रावाने प्राण घेत असे, तो आज बरा होणारा म्हणून गणला जातो.

अभिमान वाटावा अशीच ही घटना आहे. पण तिचा अर्थ ‘रक्ताच्या कर्करोगात मल्लसिंदूर द्यावे’ असा काढणे घातक ठरेल. रक्ताच्या कर्करोगाचे अनेक प्रकार आहेत आणि सोमलाचे हे यश त्यांतील एका प्रकाराचे आहे. तो प्रकार ओळखण्यास जनुकीय परीक्षण लागते. औषध शिरेतून शरीरभारानुसार द्यावे लागते, आणि उपचारकाळात हृदयाचा आलेख व रक्तातील क्षारांचे प्रमाण वारंवार पाहावे लागते. ही सोय आपल्या चिकित्सालयात नसते. तेथे आपले खरे काम असे की, अकारण हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग आणि ज्वर घेऊन आलेल्या तरुणास रक्तपित्ताची औषधे देत आठवडा न घालवता त्याच दिवशी रक्ततपासणीस धाडावे.

फलश्रुती आणि पुरावा

वरील सर्व उदाहरणांतून माझे प्रतिपाद्य एवढेच आहे : औषध जुने असणे, ग्रंथोक्त असणे, दुसऱ्या व्याधीत गुणकारी असणे, यामुळे त्याच्याविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो. उत्तर मात्र तुलनेनेच मिळते. तर्क चांगला असूनही मेटफॉर्मिन निष्फळ ठरले. लिग्नोकेन फलदायी ठरले ते तर्कामुळे नव्हे, तर १,६०० स्त्रियांत ताडून पाहिल्यामुळे.

आपल्या ग्रंथांतील अर्बुदाचे वर्णन आपण सहजपणे कर्करोगास लावतो. सुश्रुताने वर्णिलेले अर्बुद स्थिर, मंद वाढणारे, न पिकणारे आहे. त्या वर्णनात साध्या मेदाच्या गाठीपासून घातक अर्बुदापर्यंत बरेच काही बसू शकते. गंडमाळेत कांचनार गुग्गुळाने गाठ विरघळली हा अनुभव सत्य असू शकतो. परंतु ती गाठ कशाची होती हे ऊतकपरीक्षणाने ठरले नसेल, तर तो अनुभव कर्करोगाच्या खात्यात जमा करता येत नाही.

अनुभवाविषयी आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. ज्यास बरे वाटते तो रुग्ण पेढे घेऊन परत येतो. ज्यास वाटत नाही तो दुसरीकडे जातो, किंवा जातच नाही. आपल्याकडे आलेल्यांपैकी कित्येकांची शस्त्रक्रिया वा किरणोपचार आधीच झालेले असतात. अशा स्थितीत केवळ परत आलेल्यांच्या स्मृतीवर आधारलेला निष्कर्ष प्रामाणिक असूनही चुकीचा असू शकतो. चरकाने परीक्षेची चार साधने सांगितली. आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांनाही त्याने स्थान दिले. न परतलेल्या रुग्णांचीही गणना करणे हे त्या प्रत्यक्षाचेच पूर्ण रूप आहे.

आयुर्वेदाची चिकित्सा प्रत्येक रुग्णानुसार बदलते, तिला अशा चाचण्यांची चौकट लागू पडत नाही, असा आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो. तो विचारार्ह आहे, पण अनुत्तरित राहिलेला नाही. आमवातावर कोइमतूर येथे झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वैद्यांना प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र योजना करण्याची मुभा होती, आणि तरीही मेथोट्रेक्झेटशी तुलना झाली. रुग्ण फक्त ४३ होते, त्यामुळे तिला पथदर्शकच म्हणावे लागेल. गुडघ्याच्या संधिवातावर पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आदींनी ४४० रुग्णांत केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आयुर्वेदीय योग ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. त्याच चाचणीत आयुर्वेदीय योग घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताचा एक निर्देशांक वाढलेला आढळला, व औषध थांबविल्यावर तो पूर्ववत झाला. गुण आणि दोष दोन्ही हाती लागले. चाचणी झाली नसती तर आपणास यांतील एकही गोष्ट ठामपणे सांगता आली नसती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग १९४९ मध्ये जगापुढे मांडला तोही रुग्णांच्या काटेकोर नोंदींच्या बळावर, हे येथे स्मरावे.

जुन्या स्वस्त औषधास कोणी धनवान स्वामी नसतो. एकस्वाची मुदत संपलेल्या औषधावर कोट्यवधी रुपये खर्चून चाचणी करण्यात कोणत्याही कंपनीस स्वारस्य नसते. लिग्नोकेनचा प्रश्न सार्वजनिक संस्थेनेच विचारला, तो त्यामुळे. आपल्या ग्रंथोक्त कल्पांची स्थिती अगदी हीच आहे. वैद्यांच्या संघटनांनी हा प्रश्न विचारला नाही तर तो कोणीही विचारणार नाही.

आज काय करावे

प्रथम निषेधाचा भाग. १९५४ चा औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आपणा सर्वांस लागू आहे, आणि त्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या कायद्यात जाहिरात या शब्दात पत्रक, लेबल व वेष्टन यांचाही समावेश होतो. तेव्हा दुकानदार बांधवांनी कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी पत्रके काउंटरवर ठेवू नयेत आणि तसा दावा छापलेला माल परत करावा. अनुसूची ई-१ मधील सोमल, हरताळ, वत्सनाभ, भल्लातक आदी द्रव्ये असलेली औषधे वैद्याच्या लेखी चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. यात विक्री थोडी घटेल. एका रुग्णाचे सहा महिने वाचतील.

दुसरे, रुग्णालयाचे उपचार चालू असलेल्या रुग्णास ‘आमच्या औषधाचे तेथे सांगू नका’ असा सल्ला कोणीही देऊ नये. त्रिकटूचा विचार करा. पिंपळी व मिरीतील पायपेरिन दुसऱ्या द्रव्यांचे शोषण वाढविते. हळदीतील कर्क्युमिनचे रक्तातील प्रमाण पायपेरिनमुळे कित्येक पटींनी वाढते, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. आपण ज्यास उत्तम अनुपान मानतो तेच तीव्र रसायनचिकित्सेबरोबर घेतल्यास त्या औषधाची रक्तातील पातळी धोक्याच्या मर्यादेबाहेर नेऊ शकते. मेथोट्रेक्झेट घेणाऱ्याच्या यकृतावर आधीच भार असतो. त्यात आपले औषध गुप्तपणे मिसळले आणि निर्देशांक बिघडले, तर दोष कशाचा हे कोणासही कळत नाही व चालू उपचार थांबतो. म्हणून आपल्या चिठ्ठीवर औषधांची पूर्ण नावे व मात्रा लिहून ती चिठ्ठी रुग्णासोबत परळला पाठवावी.

तिसरे, निदानातील विलंब टाळावा. तीन आठवड्यांत न भरणारा मुखातील व्रण, तोंड उघडण्यास होणारा अवरोध, स्तनातील गाठ, मासिक पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा जाणारे अंगावरचे रक्त, यांपैकी काहीही आढळल्यास खदिरादी वटी वा अशोकारिष्ट देऊन महिनाभर वाट पाहू नये. आपल्या भागातील आदिवासी कुटुंबे प्रथम भगताकडे, नंतर आपल्याकडे आणि शेवटी रुग्णालयात जातात. या साखळीतील मधला दुवा आपण आहोत. तेथे गेलेला काळ भरून काढण्याचे सामर्थ्य कोणत्याही जुन्या वा नव्या औषधात नाही.

आता विधायक भाग. कर्करोगाची गाठ विरघळविण्याचा दावा न करता आपण एक विचारता येण्याजोगा प्रश्न निवडावा, अशी माझी सूचना आहे. पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेत ओलान्झापीन या मानसरोगावरील औषधाची अत्यल्प, म्हणजे रोज २.५ मिलिग्रॅमची मात्रा रसायनचिकित्सा सुरू होणाऱ्या १२४ रुग्णांत ताडून पाहण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार औषध घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची भूक सुधारली व वजन वाढले. म्हणजे पुनर्योजन केवळ अर्बुदावर नव्हे, तर अरुची, अग्निमांद्य आणि बलक्षय यांवरही होऊ शकते. हे क्षेत्र तर आपले आहे. दीपन-पाचन औषधांनी बारा आठवड्यांत भूक व वजन यांत किती फरक पडतो? किरणोपचाराने येणाऱ्या मुखपाकात यष्टिमधू वा हळदीच्या गंडूषाने वेदना किती घटते? या दुसऱ्या प्रश्नावर देशात लहान चाचण्या झालेल्या आहेत. मोठ्या, शिस्तबद्ध चाचणीची आवश्यकता आहे. वजनकाटा आणि वेदनेचे मोजमाप यांपलीकडे तीस महागडी साधने लागत नाहीत.

अशी चाचणी एकट्या वैद्यास शक्य नाही. नीतिसमितीची अनुमती, कर्करोगतज्ज्ञांची संमती आणि भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत पूर्वनोंदणी, ही तीन पथ्ये पाळावी लागतील. ही नोंदवही २००७ पासून कार्यरत आहे आणि आयुर्वेदीय चाचण्यांसही खुली आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालाद्वारे टाटा स्मारक केंद्राशी देशभरातील रुग्णालये जोडली गेली आहेत. आपल्या संघटनेने त्यांच्याकडे एकच, नेमका प्रश्न घेऊन जावे.

तोपर्यंत प्रत्येक सभासदाने एक पानाचा नोंदपत्रक ठेवण्यास प्रारंभ करावा. त्यात ऊतकपरीक्षणाचा निष्कर्ष, रोगाची अवस्था, चालू आधुनिक उपचार, आपले औषध, त्याची मात्रा, अनुपान व बॅच क्रमांक, आरंभीचे व दर महिन्याचे वजन, यकृत-वृक्कांच्या तपासण्या, आणि शेवटी रुग्णाचे काय झाले याची नोंद असावी. मृत्यू झाला असेल तर तो लिहावा. रुग्ण येईनासा झाला तर घरी निरोप पाठवून कारण विचारावे व तेही लिहावे. औषधाचा दुष्परिणाम आढळल्यास आयुष विभागाच्या औषधदक्षता केंद्राकडे कळवावे. तसे कळविल्याने आपल्या शास्त्रास कमीपणा येत नाही.

सरावलीसारख्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे प्रयोगशाळा नसते. तरीही रुग्णाचे घर, त्याचे अन्न, त्याचे व्यसन आणि त्याची तीन पिढ्यांची माहिती त्याच्याकडे असते, आणि ती परळच्या तज्ज्ञाकडे नसते. ही माहिती वहीत उतरली तर तिचा उपयोग पुढील रुग्णास होईल. येत्या वार्षिक सभेत या नोंदपत्रकाचा मसुदा चर्चेस घेऊन तो संमत करावा, आणि कर्करोगविषयक दाव्यांची पत्रके व औषधे सभासदांच्या दुकानांत न ठेवण्याचा ठरावही त्याच सभेत मांडावा, अशी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे.

— एक सभासद वैद्य, सरावली (ता. डहाणू, जि. पालघर)